पंप बदलूनही गाडी घाटात बंद पडते? आधी पंपामागची नळी बघा

बीडच्या एका वाचकाकडे १९९६ ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. हिवाळ्यात गाडीची काही तक्रार नसते. मार्च लागला की मात्र केजकडे जाताना मांजरसुंब्याच्या घाटात पिकअप जातो, गाडी दोन-चार झटके देते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं आणि इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं की पुन्हा चालू होते. दोन गॅरेजांत दाखवली, दोन्हीकडे पंप बदलून मिळाला. आता तिसरीकडे 'इलेक्ट्रिक पंप टाका, कटकटच संपेल' असं सांगितलंय. तो टाकावा का, आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळ्यांची देखभाल कशी करायची, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

इलेक्ट्रिक पंप आत्ता टाकू नका. दोन नवे पंप लागोपाठ तसेच वागत असतील तर दोष पंपात नाही, पंपाच्या मागे, म्हणजे टाकीकडच्या बाजूला आहे. नव्वदच्या दशकातल्या गाडीची रबराची नळी, टाकीचं झाकण, फिल्टर आणि गाडीच्या पोटाखालून गेलेली लोखंडी पाईप या चार गोष्टी कुणी कधी बघितल्या होत्या का, हे आधी स्वतःला विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असंच येतं, कारण त्यासाठी गाडीखाली झोपावं लागतं. पंप उभ्याउभ्या दोन बोल्ट काढून बदलता येतो.

हा पंप, ज्याला गॅरेजमध्ये सगळे एसी पंप म्हणतात, इंजिनलाच जोडलेला असतो. कॅमशाफ्टवरचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरचा, एक उंचवटा फिरता फिरता पंपाची दांडी हलवतो. दांडी डायफ्रामला, म्हणजे आतल्या लवचिक पडद्याला, मागे ओढते, आतला व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीकडून पेट्रोल पंपात येतं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पण पेट्रोल पुढे कार्बोरेटरकडे ढकलण्याचं काम कॅम करत नाही, ते डायफ्रामची स्प्रिंग करते. कॅम ओढतो, स्प्रिंग ढकलते. त्यामुळे पंपाचा दाब स्प्रिंगवर ठरतो, इंजिन किती जोरात फिरतंय त्यावर नाही. कार्बोरेटरची वाटी भरली आणि वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई, म्हणजे निडल, बसली की स्प्रिंग दबलेलीच राहते आणि दांडी नुसती हलत राहते. हा दाब अगदी मामुली, साधारण ३ ते ५ पीएसआय. टायरमध्ये आपण भरतो त्याच्या सहावा-सातवा भाग.

आता हे आकडे घाटाशी जुळवून बघा. गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि ताशी ८० ने चालली आहे असं धरलं तर तासाला ५ लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे मिनिटाला साधारण ८३ मिलिलिटर. धडधाकट पंप इंजिन आयडलवर असतानाही मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल सहज देतो. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खप दुपटीवर गेला तरी पंपाकडे भरपूर शिल्लक असतं. तेव्हा 'पंपाला घाट झेपत नाही' हे कारण पटत नाही. पंपापर्यंत पेट्रोल पोचत नाही, किंवा जे पोचतं त्यात निम्मी वाफ नाहीतर हवा असते.

पंपाच्या पुढची नळी जेमतेम हातभर असते. तिच्यात दाब असतो, त्यामुळे ती फुटली तर पेट्रोल टपकतं, वास येतो आणि कुणाच्याही लक्षात येतं. मागची नळी टाकीपासून गाडीच्या पूर्ण लांबीइतकी येते आणि तिच्यात ओढ असते. तिला बारीक भेग पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली थेंब नाही, वास नाही, बघणारा म्हणतो 'लाईन ओके आहे'. ज्यांच्या घरी विहीर आहे त्यांना हे लगेच कळेल. मोटार घुमते, पाणी येत नाही, आणि सक्शन पाईपच्या जॉइंटला चिखल थापला की धो धो सुरू होतं. तिथे मोटार बदलायला कुणी जात नाही, इथे मात्र पंपच बदलतात.

उन्हाचा संबंध इथे येतो. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण असतं आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळायला लागतात. मे महिन्यात बीड-परभणीकडे सावलीतच पारा ४० च्या पुढे असतो, बॉनेटच्या आत किती असेल याचा अंदाज करा. तरीही दाबाखाली असलेलं पेट्रोल तग धरतं. पण जिथे ओढ असते तिथे दाब कमी, आणि दाब कमी झाला की उकळणं लवकर सुरू होतं. आता समजा फिल्टर चोंदलाय किंवा नळी आतून बसलीय. पंपाला जास्त ओढावं लागतं, ओढ वाढली की वाफ लवकर होते, आणि वाफ ओढायला तर हा पंप बनलेलाच नाही. डायफ्राम वाफेला दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, पेट्रोल जागचं हलत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. लोक त्याचं खापर उन्हावर फोडतात. उन्हाने फक्त दोष उघडा पाडला. तोच दोष डिसेंबरातही गाडीत असतो, पण थंड पेट्रोल तो झाकून घेतं. नव्या पंपाची ओढ ताजी असल्याने महिनाभर बरं वाटतं, तेही याच कारणाने.

पुढच्या वेळी गाडी घाटात बंद पडली की फडकं ओलं करण्याआधी दोन मिनिटं काढा. गाडी कडेला, हँडब्रेक, चाकामागे दगड. सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करत हवा आत ओढली गेली, आणि झाकण सैल ठेवून गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणात किंवा टाकीच्या हवेच्या मार्गात आहे. टाकीतून पेट्रोल जातं तितकी हवा आत यावी लागते. ती वाट धुळीने बुजली तर टाकीत ओढ तयार होते आणि पंप टाकीशीच कुस्ती खेळत बसतो. ठरावीक पंधरा-वीस किलोमीटरनंतर बंद पडणाऱ्या गाडीत माझा पहिला संशय झाकणावर असतो. झाकण हरवल्यावर दुसऱ्याच गाडीचं बसवलेलं असतं, किंवा प्लास्टिकची पिशवी कोंबून वर फडकं बांधलेलं असतं. फडक्यातून धूळ आणि पावसाचं पाणी टाकीत जातं हा वेगळाच ताप. नवं झाकण त्याच मॉडेलचं घ्या.

झाकणाने काही फरक पडला नाही तर एअर क्लीनरचं टोपण काढा आणि इंजिन बंद असतानाच हाताने थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडते ती झडप) झटकन उघडा. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची बारीक पिचकारी उडताना दिसली तर पेट्रोल आहे. मग इग्निशनकडे वळा: कॉइल, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर. गरम झाल्यावर कॉइल मरते, गार झाली की जिवंत होते, आणि लक्षणं हुबेहूब व्हेपर लॉकसारखी दिसतात. बोनेट उघडून फडकं टाकेपर्यंत कॉइलही गार होते, म्हणून फडक्याने गाडी चालू झाली हा पंपाविरुद्धचा पुरावा धरू नका. पिचकारी आली नाही, वाटी कोरडी, तर पेट्रोल पोचत नाही हे पक्कं.

तिसराही एक प्रकार असतो. गाडी चालताना ठीक, पण उन्हात दहा मिनिटं उभी करून पुन्हा सेल्फ मारला की लवकर लागत नाही आणि पेट्रोलचा भपका येतो. तिथे नळीत काही नसतं. वाटीतलं पेट्रोल खालच्या मॅनिफोल्डच्या उष्णतेने उकळून इंजिनात सांडलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंपिंग करू नका, आणि सेल्फ मारा. कार्बोरेटरखालची जाड उष्णतारोधक पॅकिंग शाबूत आहे का, ते नंतर बघा.

घरी आल्यावर बाटलीची चाचणी करा. सगळ्या गोंधळातून वाट काढणारी हीच चाचणी आहे. पंपाच्या आत येणाऱ्या तोंडावरची जुनी नळी काढून तिच्या टोकात बोल्ट घट्ट बसवून ती बंद करा. त्या तोंडाला हात-दीड हाताची नवी पेट्रोलची नळी लावून दुसरं टोक पेट्रोलच्या छोट्या धातूच्या डब्यात सोडा. डबा इंजिनच्या गरम भागांपासून लांब, पडणार नाही असा बांधा. बाटली म्हणायची पद्धत आहे, पण काच वापरू नका. रिटर्न लाईन तशीच राहू द्या, जास्तीचं पेट्रोल टाकीत जाईल, त्याने बिघडत नाही. आता भर दुपारी गाडी जागेवरच गरम होऊ द्या, रेस करा, हवं तर आवारात फिरवा. ही सोय घेऊन हमरस्त्यावर मात्र जायचं नाही. गाडी डब्यावर निमूट चालली आणि टाकीवर तडफडली तर पंप निर्दोष, दोष मागे. डब्यावरही तसंच झालं तर पंप, त्याला लागणारी उष्णता किंवा पुढची लाईन.

पंपाची स्वतःची परीक्षाही घेता येते. कॉइलला बॅटरीचा करंट देणारी बारीक वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपातून कार्बोरेटरकडे जाणारी नळी डब्यात धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरदार यायला हवं. रडत रडत धार आली किंवा फेस आला तर गडबड आहे. आत येणाऱ्या तोंडावर बोट ठेवून सेल्फ मारला तर बोट ओढल्यासारखं वाटलं पाहिजे. तोंडाने नळी ओढून बघायची सवय काही जुन्या मिस्त्रींना आहे. ती सोडाच. पेट्रोल पोटात जाण्यापेक्षा फुफ्फुसात जाणं जास्त वाईट, आणि ठसका लागला की ते तिथेच जातं.

या सगळ्या कामात बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा, जिथे सेल्फ लागतो तेवढ्यापुरतं लावा. उजेडाला एलईडी टॉर्च वापरा, जुना बल्बचा हँडलॅम्प नको. त्याच्यावर थेंब पडला की बल्ब फुटतो आणि पुढचं सांगायला नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साठते. त्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी उभी करून टाकी उतरवणं मला पसंत नाही. उघड्यावर, सावलीत, वारा असेल तिथे काम करा आणि हाताशी पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर ठेवा.

आता नळ्या. तुमच्या गाडीत बहुधा दोन वाटा आहेत: टाकीतून पंपाकडे येणारी आणि जास्तीचं पेट्रोल परत टाकीत नेणारी रिटर्न. पंपाला तीन तोंडं असतील तर एक आत येणारं, एक कार्बोरेटरकडे जाणारं आणि एक रिटर्नचं. रिटर्नला लोक फालतू समजतात. पण तिच्यामुळे पेट्रोल सतत फिरत राहतं, पंपात साचून तापत नाही, आणि झालेली थोडी वाफ टाकीकडे निघून जाते. उन्हाळ्यात गाडी चालते त्यात रिटर्नचा मोठा वाटा आहे. मायलेज वाढतं या समजुतीने रिटर्नला बूच मारलेल्या गाड्या येतात. मायलेज वाढत नाही, गाडी घाटात थांबते. रिटर्न आपोआप चोंदली तरी हाच त्रास होतो. पंप बदलताना या नळ्यांची अदलाबदल झालेलीही मी बघितली आहे. तुमच्याकडे दोनदा पंप बदललाय, तेव्हा प्रत्येक नळी बोटाने धरून टाकीपर्यंत माग काढा.

रबराचा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढलाय आणि त्याचं कारण आपल्याच भागातल्या कारखान्यांत तयार होतं. उसाचं इथेनॉल. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचं मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्केवालं पेट्रोल बाजारात आलं आणि आता पेट्रोल पंपांवर तेच मिळतं. इथेनॉल वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचा ऊस तिकडेच जातो. पण १९९६ चं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. जुनी नळी आधी फुगते, मऊ पडते, नंतर वाळून कडक होते आणि आतून पापुद्रे सुटतात. हा पापुद्रा सक्शनच्या बाजूला झडपेसारखा वागतो: फुंकर मारली तर वाट मोकळी, ओढलं की बंद. म्हणून 'मी हवा मारून बघितली, लाईन क्लीअर आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट थर सोडवतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. नवं पेट्रोल सुरू झाल्यावर ज्यांच्या जुन्या गाड्या अचानक कुरकुरायला लागल्या, त्यांच्यात हे कारण बरेचदा निघतं.

नळी घेताना दुकानदाराला 'पेट्रोलची नळी द्या' एवढंच म्हणू नका. नळीवर छापलेलं वाचा. एसएई जे ३० आर ९ अशी खूण असलेली नळी इथेनॉलला पुरून उरते, तिच्या आतला थर फ्लोरोकार्बन रबराचा असतो. आर ७ चालते, पण लवकर बदलावी लागेल. काहीच छापलेलं नसेल तर ती पाण्याची किंवा हवेची नळी समजा. पारदर्शक प्लास्टिकची नळी बुडबुडे बघण्यापुरती तासभर लावायला उत्तम, कायम ठेवायला घातक; पेट्रोलने ती काचेसारखी कडक होते आणि निपलवरून (नळी चढवतात त्या तोंडावरून) निसटते. जुना तुकडा सोबत घेऊन जा आणि आतला व्यास जुळवा. मोठ्या व्यासाची नळी क्लिपने आवळून बसवली की तिथे सुरकुती पडते, आणि हवा त्या सुरकुतीतूनच जाते.

नळी निपलच्या फुगीर कड्याच्या पुढे बोटाच्या पेराइतकी चढली पाहिजे, आणि क्लिप कड्याच्या मागे, कड्यावर नाही. दातेरी पट्टीच्या स्वस्त क्लिपा रबर कापतात. गुळगुळीत आणि दुमडलेल्या काठाच्या मिळतात त्या घ्या. क्लिप आवळताना रबर क्लिपच्या फटींतून बाहेर फुगायला लागलं तर जास्त झालं. इंजिन आणि बॉडीमधल्या नळीला थोडी ढील हवी, इंजिन हलतं. एक्झॉस्टपासून चार बोटं तरी अंतर हवं, आणि तिथे कंपनीने दिलेला पत्रा असतो तो कुणी काढून टाकलाय का बघा. पत्रा नसला तर नळीवर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. एकच तुकडा बदलून थांबू नका. सगळ्या नळ्या एकाच वयाच्या आहेत, एक फाटली म्हणजे बाकीच्या रांगेत आहेत.

गाडीच्या पोटाखालची लोखंडी पाईप हा आपल्या मातीचा विशेष आहे. काळी माती ओली झाली की पाईपच्या क्लिपांमागे लगदा होऊन बसते आणि पावसाळा संपला तरी आत ओलसरच राहते. पाईप मधे चकाकत असते आणि नेमकी क्लिपखाली गंजून चाळण झालेली असते. त्यामुळे क्लिपा सोडवून बघा. दिवाळीच्या आधी एकदा गाडीचं पोट पाण्याने धुऊन, क्लिपांमधली माती काडीने काढून, वाळवून गंजरोधक रंगाचा हात मारला तर पाईप पुढची अनेक वर्षं टिकते. गंजलेला भाग कापून मधे फूटभर रबर जोडणं हा तात्पुरता इलाज आहे आणि आपल्याकडे तात्पुरतंच कायमचं होतं. पाईप बदला. तांब्याची पाईप वाकवायला सोपी म्हणून बसवतात, पण हादऱ्यांनी ती ताठरते आणि तडकते. स्टीलची किंवा तांबं-निकेल मिश्रणाची घ्या, आणि टोकाला फुगीर कडं पाडून घ्यायला विसरू नका; कड्याशिवाय रबर सरकतं.

फिल्टर बाणाच्या दिशेने बसवा. पंपाच्या मागे फार बारीक जाळीचा फिल्टर टाकला तर पंपाला ओढायला त्रास होतो. मूळ होता तसाच घ्या. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसला म्हणून घाबरू नका, त्याच्या वरच्या भागात हवेचा फुगा राहतोच. बुडबुड्यांची रांग सतत येत असेल तर मात्र मागे हवा शिरते आहे. टाकीतल्या उचल-नळीच्या टोकालाही गाळणी असते. पोळ्याला शेडमध्ये लावलेली गाडी दिवाळीला काढणाऱ्यांनी या गाळणीकडे लक्ष द्यावं. इथेनॉल हवेतली ओल धरतं, ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि उचल-नळीचं तोंड नेमकं तळाशीच असतं. महिन्याहून जास्त उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. आत हवा कमी तेवढी ओल कमी. टाकी धुवायची वेळ आली तर धुवा, पण भोक बुजवायला वेल्डरकडे नेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक, कारण आत पेट्रोल नसलं तरी वाफ असते.

तुमच्या गाडीला कधी गॅस किट होतं का? असेल तर पेट्रोलच्या लाईनमध्ये एक सोलेनॉईड कॉक (विजेवर उघडणारी तोटी) टाकलेला असतो. किट काढलं तरी कॉक राहतो. त्याची कॉइल गरम होऊन सुटली की पेट्रोल बंद, गार झाली की चालू, आणि पुन्हा तीच लक्षणं. ओम्नींमध्ये हे फार दिसतं. किट नसेल तर कॉक काढून लाईन अखंड करा. गॅसवरच वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत पंपाचा डायफ्रामही कोरडा पडून कडक झालेला असतो.

एक गोष्ट मिस्त्रींच्या बाबतीत सांगायला हवी. आपल्याकडचे बरेच हात काळी-पिवळी जीप आणि ट्रॅक्टरवर तयार झाले. डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरली की इंजिन थांबतंच, एअर काढावीच लागते. त्यामुळे डिझेलवाला माणूस सक्शनच्या गळतीबाबत सावध असतो. कार्बोरेटरच्या गाडीत थोडी हवा आली तर ती वाटीतून वर निघून जाते आणि गाडी चालत राहते, म्हणून तोच माणूस पेट्रोलच्या गाडीत निर्धास्त होतो. चांगला डिझेल मिस्त्री गाठा आणि त्याला 'ही जीप आहे असं समजून सक्शन बघ' म्हणा, तो बरोबर शोधेल.

पंप मात्र खरंच खराब होतो, तेव्हा तो ओळखायचा कसा? पंपाच्या अंगावर एक छोटं भोक असतं. तिथून पेट्रोल टपकलं तर डायफ्राम फाटला. काही पंपांत फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि हुंगल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथेच थांबवा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. पंप बदला, मग ऑइल आणि ऑइल फिल्टर. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी खूप सेल्फ मारावा लागत असेल तर व्हॉल्व्ह पेट्रोल धरून ठेवत नाहीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी असं झालं तर ते वाटीतलं पेट्रोल उडाल्यामुळे, त्यात पंपाचा दोष नाही.

पंप बसवताना मधली जाड पॅकिंग, म्हणजे बेकलाईटचा ठोकळा, परत बसलीच पाहिजे. ती इंजिनची उष्णता अडवते आणि दांडी किती हलायची तेही ठरवते. ती टाकून दिली तर दांडीवर जास्त ताण येऊन ती मोडते. कुणी दोन पॅकिंग चढवल्या तर दांडी पुरती हलतच नाही आणि नवाकोरा पंप अर्धपोटी काम करतो. तुमच्या दोन्ही पंपांच्या वेळी ही पॅकिंग परत गेली का, हे जुना पंप हातात घेऊन पडताळा. बोल्ट आवळण्याआधी इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा मागे न्या, म्हणजे पंप जोर न लावता बसेल. पद्मिनीवाल्यांच्या पंपाला हाताने पेट्रोल भरायची छोटी दांडी असते. ती हलवली आणि काहीच जोर लागला नाही तर पंप खराब समजू नका, इंजिन अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा.

एवढं सगळं करूनही मे महिन्यात त्रास उरला तर इलेक्ट्रिक पंपाचा विचार करा. त्याचं तत्त्व चांगलं आहे: तो टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली बसवला की पूर्ण लाईन ओढीऐवजी दाबाखाली येते आणि वाफ सहजी होत नाही. पण पंप कार्बोरेटरसाठीचा, कमी दाबाचाच हवा. भंगारातून एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा पंप आणून बसवण्याची जी टूम आहे तिच्यात जीवाला धोका आहे. तो पंप ३ बारच्या आसपास दाब देतो, म्हणजे तुमच्या निडलला जितका सोसतो त्याच्या दहापट. निडल उचलली जाते, वाटी ओसंडते आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर येतं. वायरिंग रिले आणि फ्यूजमधून करा, आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद होईल असा ऑइल-प्रेशरचा स्विच किंवा जोराचा धक्का बसला की करंट तोडणारा स्विच लावून घ्या. नाहीतर गाडी पलटी झाली तरी पंप पेट्रोल ओततच राहील. जुना पंप काढल्यावर त्या जागी पॅकिंगसकट पट्टी बसवा, आणि इंजिन व पंपामध्ये सुटी दांडी असेल तर ती काढून ठेवा.

२००० नंतरची एमपीएफआय ८०० ज्यांच्याकडे आहे त्यांनी यातलं नळ्यांचं वाचावं, बाकीचं नाही. त्यांचा पंप टाकीतच असतो आणि इंजिन बंद केल्यावरही लाईनमध्ये दाब राहतो. पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत जागेवरच चालू ठेवून मगच नळी सोडवायची, आणि नळी-क्लिपा इंजेक्शनच्याच घ्यायच्या.

बीडच्या वाचकांनी क्रम असा ठेवावा: आधी झाकण, मग डब्याची चाचणी, मग टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या आणि फिल्टर एकदमच. नळ्या बदलल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून बघा, पेट्रोलचा डाग लगेच दिसतो. मागच्या जोडांसाठी टाकी भरून गाडी रात्रभर उभी ठेवा. टाकीच्या पातळीखाली असलेली गळती तेव्हा सकाळी खाली ओली दिसते. नवं रबर बसतं, त्यामुळे आठवड्याने क्लिपा पुन्हा एकदा पाव फेरा बघून घ्या, आणि घाटाची परीक्षा त्यानंतर, भर दुपारी घ्या.